सशांच्या माळावर उतरतं ऊन

माझ्या मुलीने ड्रोन उडवायला आधी दुसऱ्याच माणसाला बोलावलं होतं, हे मी अजून विसरलेलो नाही. एजवेअरमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या खोपटाएवढ्या दुकानापासून मी सुरुवात केली. ड्रोन कोणी न शिकवता शिकलो. आज लंडनमधल्या निम्म्या मराठी-गुजराती वराती मी आकाशातून टिपतो. आणि पोटची मुलगी, नॉटिंगहॅमला संशोधन करणारी, ड्रोनवाला शोधायला इंटरनेटवर जाते! तो आजारी पडला, तेव्हा मला फोन.

"बाबा, वीकेंडला फ्री आहात का?"

"म्हणजे तुझा इंटरनेटवरचा साहेब येत नाही तर."

"टोमणे नंतर मारा ना, प्लीज. मेंढ्या वर जाणार आहेत."

तिचं काम उत्तर इंग्लंडमधल्या एका उंच माळावर होतं. तिथे ससे बिळं खणतात, माती बाहेर उकरतात आणि भोवतालचं गवत बुडापर्यंत कुरतडतात. उंच गवत हटलं, की एरवी आल्प्ससारख्या डोंगरांवर उगवणारी बोटभर उंचीची निळी फुलं तिथे डोकं वर काढतात, असा तिचा अंदाज. वरून फोटो काढून बिळं कुठे आणि फुलं कुठे, हे ताडून बघायचं होतं. त्यासाठी माळाचा मालक असलेल्या शेतकऱ्याने मेंढ्या खालच्या कुरणात अडवून ठेवल्या होत्या. एकदा त्या वर गेल्या, की कुठलं गवत सशाने खाल्लं आणि कुठलं मेंढीने, हे कोण सांगणार? फुलांचा मोसमही संपत आला होता. फोटो हुकले, तर तिचं वर्ष वाया.

शनिवारी दिवसभर वारा. संध्याकाळी तो पडला तेव्हा मुलगी बॅटऱ्या चार्ज करायला गावात गेली होती. माळावर असं सोनेरी ऊन उतरलं, की माझे हात शिवशिवायला लागले. वरातीसाठी असं ऊन मिळावं म्हणून मी नवऱ्यामुलाला घोड्यावर ताटकळत ठेवतो. मी तिची वाट न बघता सगळा माळ टिपून टाकला आणि ती आल्यावर ऐटीत स्क्रीन पुढे केली.

"बाबा, हे काय आहे?"

"ऊन बघ कसं पडलंय!"

"तेच तर! किती लांब सावल्या. गवताच्या प्रत्येक झुबक्याची सावली बीळ वाटते. आणि फुलं कुठे? संध्याकाळी बंद होतात ती."

"आमच्या लग्नात नवरी कधी बंद होत नाही," मी म्हणालो. ती हसली नाही. तिला हवे होते भर दुपारचे, कॅमेरा सरळ खाली रोखलेले, सपाट फोटो.

"मग उद्या दुपारी घेऊ."

"उद्या सकाळी मेंढ्या वर जाणार. शेतकरी म्हणालाय."

"मी बोलतो त्याच्याशी."

"नको! म्हणूनच मी तुम्हाला आधी बोलावलं नव्हतं. तुम्ही भांडता. क्रॉयडनला सोफा घेताना तुम्ही भावावरून असे भांडलात, की मला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. इथे त्याने चिडून नाही म्हटलं, तर हा माळ मला परत कधीच नाही मिळणार."

"त्याच सोफ्यावर बसून अभ्यास केलास," मी म्हणालो. पण लागलं ते मला. तिला घेऊनच खाली गेलो.

शेतकरी फाटकाशी काठी टेकून उभा होता. म्हातारा, दोन्ही गुडघे गेलेले. मी उद्या दुपारपर्यंतची मुदत मागितली.

"खालचं गवत संपलंय," तो म्हणाला. "माझी कोकरं उपाशी ठेवू? सशांसाठी? त्यांनी माझा माळ पोखरलाय आणि तुझी मुलगी त्यांचे फोटो काढते!"

माझे कान तापले. मुलीने माझी बाही धरली. तेवढ्यात म्हाताऱ्याची नजर माझ्या हातातल्या ड्रोनवर गेली.

"हे वर, माळाच्या टोकापर्यंत जातं?"

"जातं."

"माझे गुडघे नाही जात. बरीच वर्षं झाली."

सौदा समोर होता. टोक दाखवतो, दुपार द्या. वाक्य ओठांवर आलंसुद्धा, पण त्याच्याकडे बघून ते बाहेर पडेना. ताजी बॅटरी घातली, ड्रोन वर सोडला आणि स्क्रीन त्याच्यासमोर धरली.

"डावीकडे ने. हळू. ती भिंत मी आणि बापाने रचली. पडली की रे कोपऱ्यात!" त्याचा अंगठा काचेजवळ हलत होता, जणू तो दगड परत जागेवर बसवत होता.

ड्रोन खाली आल्यावर तो मुलीकडे वळला. "उद्या एकला मेंढ्या वर हाकायला कुत्री सोडतो. त्याच्या आत उरकायचं."

"दोन," माझ्या तोंडून निघून गेलं. मुलीने बाहीला असा हिसका दिला, की शिवण उसवली.

म्हातारा खो खो हसला. "दीड. आणि हा माणूस माझ्या मेंढ्या विकायला आला तर बरं होईल."

रविवारी भर उन्हात मी आयुष्यातले सर्वांत नीरस फोटो काढले. मुलीने लॅपटॉपवर ते मोठे केले. बिळांची काळी तोंडं, भोवती उकरलेली माती आणि तिच्या कडेने निळे ठिपके.

"बाबा, दिसतायत. सगळे दिसतायत." तिने डोळे पुसले आणि मी दुसरीकडे बघितलं.

खालून कुत्री भुंकली. मेंढ्या वर चढू लागल्या, आणि सगळ्यांत पुढचं कोकरू थेट निळ्या फुलांत तोंड घालून उभं राहिलं. मी त्याला हाकलायला धावलो.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "आता खाऊ दे त्याला."