दारावरचा विंचू

एकतीस वर्षं त्यांनी तारांगणात आकाश चालवलं. घुमटाखालच्या यंत्राचं बटण फिरवलं की राशी उगवायच्या, मावळायच्या, आणि पन्नास मिनिटांनी दिवे लागायचे. खेळ दर वेळी एकाच ठरलेल्या संध्याकाळपासून सुरू व्हायचा. त्यामुळे राशी त्यांना जागेवरून पाठ होत्या: सिंह आपल्या टेबलाच्या डोक्यावर, वृश्चिक बाहेर जायच्या दारावर. मग नवं यंत्र आलं आणि यंत्रवाले घरी बसले.

त्या संध्याकाळी सगळ्या वस्तीची वीज गेली. नातीने त्यांना ओढतच गच्चीवर नेलं.

"आजोबा, माझी रास दाखवा ना. वृश्चिक."

"त्यात काय, डाव्या हातचा मळ," म्हणत त्यांनी सवयीने जिन्याच्या दारावर बोट रोखलं. तिथे चार फुटकळ तारे होते. विंचवाची नांगीसुद्धा नव्हती.

कठड्याला टेकलेला मुलगा हसला. "बाबा, मोबाइल वर धरला की नावासकट सांगतो. एकतीस वर्षं नुसतं छताकडे बघत होतात की काय?"

ते गच्चीवरच्या खुर्चीत बसले. नात एकदा त्यांच्याकडे, एकदा बापाच्या खिशाकडे बघत राहिली.

सूर्य मघाशी शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे बुडाला होता. म्हणजे पश्चिम तिकडे.

"हे दारच चुकीच्या बाजूला आहे," ते पुटपुटले. खुर्ची फरफटत वळवली, नातीला आग्नेयेच्या कोपऱ्यात उभं केलं. "तू दार हो. हलायचं नाही."

मग त्यांनी कामावर टाकायचे तशी मान मागे टाकली. डोक्यावर कोयत्याचा वाक, त्याच्या मुठीशी मघा. सिंह! तिथून उतरत चित्रा, कन्येची. तिथून नजर नातीच्या डोक्यापर्यंत आली आणि थांबली. तिथे काळोख होता.

"आला?"

"नाही."

"बाबांना विचारू?"

"थांब गं. इथे बटण नाही. त्याच्या पायांनी येईल."

मुलगा जांभई देऊन खाली गेला. चित्रा हळूहळू वर सरकत गेली.

"आजोबा, दार दमलं."

"मीही दमलोय. अजून थोडं."

तिच्या विस्कटलेल्या केसांवर आधी तीन तारे आले, मग तांबूस ज्येष्ठा. त्यांनी बसूनच तिकडे बोट केलं.

"वळ आता. दाराला बघायची परवानगी आहे."

ती वळली. "तो लाल?"

"तोच. विंचवाचं काळीज."

तेवढ्यात वस्तीचे दिवे लागले. पन्नास मिनिटं झाली असावीत.