एका पानावरचे दोन रकाने

माझे सर मला आयुष्यात कधी 'तू' म्हणाले नाहीत, आणि त्यांच्याइतकं टोचून मला दुसरं कुणी बोललंही नाही. शनिवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात मी आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटं उशिरा पोचले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "या. आपण आलात, ऑफिसला शोभा आली. दहाची वेळ आपल्याला गैरसोयीची असेल तर सांगा, आम्ही बदलून घेऊ." धायरीहून दोन बस बदलून आले होते मी. रागाने कान तापले. पण दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच जिन्यात जाऊन बसले.

तिथे जागा मिळाली याचंच मला अप्रूप होतं. माझे वडील चंद्रपूरकडून दारूगोळा कारखान्यात नोकरीला आलेले, घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली माझ्या मार्कशीटांची फाईल. सरांच्या आधी दोन ऑफिसांत गेले होते. दोन्हीकडे आडनाव विचारलं आणि 'कळवतो' म्हणाले. ते अजून कळवतायत. सरांनी आडनाव विचारलंच नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "एक ते दहा आकडे काढा." मी काढले. त्यांनी कागद उजेडात धरला. "एक आणि सात वेगळे ओळखू येतात. सोमवारपासून या."

सरांचा एकच नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याच्यापुढे टिक मारायची नाही. एकदा भोसरीच्या एका कारखान्यात मी मागच्या रांगेतली पिंपं न मोजताच टिक मारली, कारण तिथे पालींचा सुळसुळाट होता. संध्याकाळी सरांनी विचारलं, "मागची रांग पाहिलीत?" दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा भोसरी. पाली होत्याच. पिंपंही बरोबर निघाली, त्यामुळे जास्तच चडफडले.

पुढे मी सीए झाले आणि धायरीत घराखालीच स्वतःचं ऑफिस थाटलं. तोवर धायरीचंही रूप पालटलं होतं. जिथे लहानपणी मी ज्वारीची कणसं चोरली, तिथे आता पोहण्याचा तलाव असलेल्या सोसायट्या, आणि त्यांत राहणारी संगणकवाली मुलं गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून माझ्याकडे रिटर्न भरायला यायची. कामं वाढली, ओळखी वाढल्या, आणि एका वर्षी आमच्या व्यावसायिक संस्थेच्या पुण्याच्या शाखेची मी सचिव झाले. मानाचं पद. म्हणजे खुर्च्या मोजायच्या, चहा सांगायचा आणि सह्या करायच्या.

त्या वर्षी वरून तीन शब्द आले होते: वाढ, नीती आणि शाश्वतता. यांवर जी शाखा उत्तम काम करेल तिला ढाल मिळणार होती. आमचे अध्यक्ष माझ्याहून आठ वर्षांनी लहान, हिंजवडीतल्या कंपन्यांची कामं करणारे, उत्साही गडी. "मॅडम, धिस इयर ढाल आपलीच," त्यांनी पहिल्याच बैठकीत जाहीर केलं. वाढीचं काही करावं लागलं नाही, शहरच असं फुगत होतं की सभासद आपोआप वाढले. शाश्वततेसाठी एका रविवारी टेकडीवर झाडं लावली, प्लॅस्टिकच्या बाटल्या बंद करून स्टीलचे पेले आणले आणि कागद वाचवायचं ठरलं. इथे मी माझी अक्कल पाजळली.

आमच्यात असं असतं की सीएने परीक्षा पास झाल्यावरही शिकत राहायचं. दर वर्षी व्याख्यानांना बसून ठराविक तास भरायचे. पूर्ण दिवसाचं चर्चासत्र असलं की सहा तास, अर्धाच दिवस बसलात तर तीन. त्यासाठी सकाळी एक हजेरीपत्रक ठेवायचे आणि जेवणानंतर दुसरं. मी म्हटलं, दोन पत्रकं कशाला? एकाच पानावर दोन रकाने आखू, सकाळ आणि दुपार. निम्मा कागद वाचेल. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात माझ्या दोन रकान्यांवर एक अख्खा परिच्छेद पडला.

आणि नीतीसाठी ठेवलं दिवसभराचं चर्चासत्र. विषय, व्यावसायिक सचोटी.

सकाळी हॉल भरगच्च होता. मी दाराशी पत्रक घेऊन उभी. माणसं येत होती, सकाळच्या रकान्यात सही करत होती, आणि पेन हातात आहेच तर शेजारच्या दुपारच्या रकान्यातही करून टाकत होती. मी स्वतःही तेच केलं, कामाच्या गडबडीत. सर आले. हिरव्या शाईचं पेन खिशातून काढलं, दोन्ही रकान्यांत सह्या केल्या आणि पहिल्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर बसले. ती त्यांची ठरलेली जागा.

जेवणात मसालेभात, पुरी आणि आम्रखंड होतं. सचोटीवरचं व्याख्यान आणि आम्रखंड हे एकाच दिवशी ठेवू नये, हे मला तेव्हा कळलं. जेवणानंतर मी मागच्या अंगणात गेले ती केटररशी ताटांच्या संख्येवरून वाद घालत बसले. तो म्हणत होता दोनशे चाळीस, मला पटत नव्हतं, म्हणून खरकटी ताटं मोजायला लावली. दोनशे चौदा भरली. विजयी मुद्रेने हॉलमध्ये परतले तेव्हा व्याख्याते आभार मानत होते, आणि त्यांच्यासमोर रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या होत्या. तिसरी खुर्चीही रिकामी होती.

पत्रकावर मात्र दोन्ही रकान्यांत दोनशे चौदा सह्या. म्हणजे जेवलेला प्रत्येक माणूस कागदोपत्री संध्याकाळपर्यंत सचोटी ऐकत होता. त्या पत्रकाखाली एक ओळ छापलेली असते: 'वरील सभासद पूर्ण वेळ उपस्थित होते, असे प्रमाणित करते.' त्याखाली सही सचिवाची. म्हणजे माझी.

अध्यक्षांना फोन केला. "मॅडम, प्लीज, एवढं ताणू नका," ते म्हणाले. "सगळीकडे असंच चालतं. आणि सरांचा विचार करा ना."

तोच तर विचार डोकं खात होता. वार्षिक सभेत एका ज्येष्ठ सभासदाचा सत्कार व्हायचा, आणि त्या वर्षी तो सरांचा ठरला होता. अट एकच, त्या वर्षीचे तास पूर्ण भरलेले हवेत. सरांना नेमके सहा कमी होते, आणि वर्षातलं हे शेवटचं चर्चासत्र. सत्काराचं पत्र मिळालं तेव्हा ते म्हणाले होते, "नारळ मिळणार का? मग येतो, घरात संपलाय." पण लक्ष्मी रोडवरच्या शिंप्याकडे त्यांनी कोट शिवायला टाकला होता, हे मला त्या शिंप्याकडूनच कळलं. पंचवीस वर्षं मी त्यांना एकाच करड्या कोटात बघत आले होते.

घरी आईला सांगितलं. आई इतकी वर्षं धायरीत राहूनही बोलते चंद्रपूरचंच. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या मानसानं तुले उभं केलं. आन तू त्याचंच नाव कापशीन?" थोड्या वेळाने पुन्हा तीच म्हणाली, "पर खोट्यावर सही नोको करू माय." म्हणजे मदत शून्य. मी चिडून आत गेले आणि उगाच कपाट आवरत बसले.

शेवटी मला चर्चासत्राचे अभिप्राय-फॉर्म आठवले. आभार झाल्यावर दारातच नावानिशी भरून घेतलेले. ज्याने फॉर्म दिला तो शेवटपर्यंत होता. मोजले. एकाहत्तर. मी पत्रक पुढे घेतलं आणि फॉर्म नसलेल्या प्रत्येकाची दुपारची सही लाल रेघेने खोडत गेले. हिरव्या सहीपाशी आल्यावर उठले, पाणी प्यायले, पंखा वाढवला, परत बसले. मग खोडली. रडले, खोटं कशाला सांगू. पूर्ण तासांची यादी शाखेच्या फलकावर लागली, उपस्थिती घसरली म्हणून ढाल गेली, आणि माझा फोन दोन दिवस वाजायचा थांबला नाही. एकाने तर विचारलं, "काय हो, आम्ही काय शाळकरी पोरं आहोत का?" मी म्हटलं, "नाही, शाळकरी पोरं पळून जाताना सही करून जात नाहीत." सगळ्यांची बोलणी पचली. पचत नव्हता तो फक्त न आलेला एक फोन.

बाराव्या दिवशी तो आला. "सवड असेल तर यावं. पत्रक आणि फॉर्म घेऊन."

मी गेले. तोच जिना, तेच टेबल, आणि मागे खुंटीला शिंप्याच्या कागदात गुंडाळलेला कोट. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सरांनी मला बसायला सांगितलं नाही.

"सर, माझा नाइलाज झाला," मी सुरुवात केली.

"झोप आली, घरी गेलो," सर म्हणाले. "त्यात आपला नाइलाज कुठे आला? सकाळी दोन सह्या मी केल्या. दुपार उजाडायच्या आत दुपारी हजर होतो म्हणून लिहून दिलं. आपण रेघ ओढली, बरोबर ओढली. त्यासाठी बोलावलं नाही. फॉर्म किती?"

"एकाहत्तर."

"पूर्ण तास किती जणांना दिलेत?"

मी पत्रकावरच्या दुपारच्या न खोडलेल्या सह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"बहात्तर," मी म्हणाले.

"हं. मीही फलकावर जाऊन मोजले. बहात्तरावा कोण?"

उत्तर शोधायची गरज नव्हती. यादीत सगळ्यात वर, दोन्ही रकान्यांत, एक आणि सात वेगळे ओळखू येतील अशा नीटस अक्षरातली माझीच सही होती. दुपारभर मी अंगणात खरकटी ताटं मोजत होते. सचोटीवरचं एक वाक्यही माझ्या कानावर पडलं नव्हतं. एकशे बेचाळीस माणसांना लाल रेघ मारताना माझा हात एकदाही माझ्या ओळीवर थांबला नव्हता.

सरांनी खिशातलं हिरवं पेन काढून पुढे धरलं. मी माझी दुपारची सही खोडली. इतकी शरम मला भोसरीच्या उन्हातही वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर इतकं हलकंही बारा दिवसांत वाटलं नव्हतं, कारण सर मला अजून तपासत होते.

"आता जमलं," सर म्हणाले. "बसा. चहा सांगतो. आणि ते दोन रकाने एका पानावर आणायची कल्पना ज्या थोर व्यक्तीची होती, तिला माझा नमस्कार कळवा."

वार्षिक सभेत सत्कार दुसऱ्या कुणाचा तरी झाला. सर आले होते. नवा काळा कोट घालून, पहिल्या रांगेत, तिसऱ्या खुर्चीवर. जेवणात या वेळी मी साधा वरणभात ठेवला होता, तरीही दोन वाजता त्यांची हनुवटी छातीपर्यंत खाली आली. कुणीतरी शेजारून हलवलं तेव्हा म्हणाले, "हजर आहे. जागा आहे असं मी कुठेही लिहून दिलेलं नाही." आभारप्रदर्शन संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग कोट सावरत दाराशी आले. तिथे मी दुपारचं पत्रक घेऊन उभी होते, वेगळ्या कागदावरचं. सरांनी हिरव्या शाईने सही केली, शेजारी वेळ घातली आणि पत्रक माझ्याकडे सरकवून वाट बघत राहिले.

मी त्यांच्या नावापुढे टिक मारली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.