बाबांपुढे टिकलेली चार वाक्यं

नणंदेने भावजयीचं कौतुक केलं की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी काम अडलंय. माझं काही अडलेलं नाही. आमची वहिनी माझ्यापेक्षा हुशार आहे आणि तिला ते माहीत आहे, इतकंच.

ती नोकरीत नेमकं काय करते, हे आम्हाला काही केल्या कळत नव्हतं. रुग्णालयाच्या फोनवर हल्ली जो एआय मदतनीस बोलतो, त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात: एक मोकळी वेळ शोधणारं, एक वेळ बदलणारं, एक डॉक्टरांना निरोप देणारं. कधी कोणतं चालवायचं, हे तो टूलखाली लिहिलेलं वर्णन वाचून ठरवतो. ती वर्णनं वहिनी लिहिते. ती म्हणते, नव्या माणसाला स्वयंपाकघरात सोडलं आणि डब्यावर नुसतं ‘पांढरं’ लिहिलेलं असलं, तर चहात मीठ पडणारच.

बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. त्यांच्या केंद्रातला मदतनीस वहिनीच्याच कंपनीचा, त्यामुळे घरात त्याचा मोठा तोरा होता. एका मंगळवारी बाबांनी फोन करून सहज विचारलं, उद्या संध्याकाळऐवजी सकाळी जमेल का. मदतनीसाने ‘वेळ बदला’ हे टूल चालवलं. ते टूल जुनी वेळ आधी सोडतं आणि मग नवी शोधतं. सकाळी जागा नव्हती, आणि तेवढ्यात संध्याकाळचीही दुसऱ्या कुणाला गेली. तेलही गेलं, तूपही गेलं. बुधवारचं डायलिसिस बुडालं. गुरुवारी सकाळी बाबांचे पाय सुजले, धाप लागली आणि दादाने त्यांना उचलूनच तातडीच्या विभागात नेलं.

त्या टूलचं वर्णन वहिनीनेच लिहिलं होतं. एकच ओळ: ‘रुग्णाची वेळ बदलण्यासाठी.’ बाबा घरी आल्यावर तिने ते जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं. बाबा म्हणाले, बरं. पण यापुढे त्या यंत्राशी मी बोलणार नाही. आणि वहिनीशीही ते कामापुरतंच बोलू लागले. मला बाबांचा राग आला. चूक झाकणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. कबूल करणारी घरात निघाली, तर तिच्याशी अबोला!

कंपनीत काहींचं म्हणणं पडलं की मदतनीसच मठ्ठ आहे, त्याच्यामागचं एआय मॉडेल बदलून मोठं घेऊ. वहिनी म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. त्याने वाचलं तेच केलं. टूलचा क्रमही बदलायला हवा होता, पण केंद्राची यंत्रणा जुनी, त्याला काही महिने लागणार. वर्णन मात्र आजच्या आज सुधारता येत होतं.

आमचे बाबा गोदामातून निवृत्त झालेत. कागदावर नाही ते जगात नाही, हा त्यांचा बाणा. वहिनीने हे बरोबर हेरलं. मसुदा छापून त्यांच्या चहाशेजारी ठेवायची आणि विचारायची, रुग्ण म्हणतोय सकाळी जमेल का, हे वाचून तुम्ही काय कराल? अबोला असला तरी खोड काढायची संधी बाबा कशी सोडतील? पहिल्या मसुद्यात ‘आवश्यकता असल्यासच वापरा’ असं होतं. आवश्यकता कोण ठरवणार, बाबांनी विचारलं. दुसऱ्यात जुनी वेळ सुटते हे होतं, परत मिळत नाही हे नव्हतं. मी बिनधास्त सोडली असती, म्हणाले.

मी तिला चिडवलं की मदतनीसावरही तपासतेस, की नुसतं सासऱ्यांवर? ती म्हणाली, त्याच्यावर शेकडो तऱ्हेचे प्रश्न टाकून बघते. पण कुठे अडलं ते तो आपणहून सांगत नाही, बाबा सांगितल्याशिवाय राहत नाहीत.

शेवटी हे उरलं: ‘हे टूल रुग्णाची ठरलेली वेळ आधी सोडतं आणि मग नवी घेतं. नवी मिळाली नाही, तर जुनी परत मिळत नाही. रुग्ण नुसती चौकशी करत असेल, तर हे वापरू नका, “मोकळी वेळ शोधा” वापरा. नवी वेळ मोकळी असल्याचं दिसलं आणि ती घ्यायला रुग्णाने स्पष्ट होकार दिला, तरच हे चालवा.’

बाबांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. खोड सापडेना.

नवं वर्णन केंद्रात लागल्यावर एका रविवारी त्यांनी स्वयंपाकघरात येऊन स्पीकरवर फोन लावला. वहिनी भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला. बाबांनी मुद्दाम तेच विचारलं, उद्या संध्याकाळऐवजी सकाळी जमेल का.

मदतनीस म्हणाला, “उद्या सकाळी जागा नाही. तुमची संध्याकाळची वेळ तशीच आहे, तिला मी हात लावलेला नाही.”

बाबांनी फोन ठेवला आणि पुसायला घेतलेलं ताट वहिनीच्या हातून काढून घेतलं.

“माझ्या शेजारच्या खाटेवरचे मास्तर भीतीने फोनच करत नाहीत. काठी टेकत विचारायला जातात. त्यांना सांगतो, आता करा म्हणून. आमच्या सूनबाईने लिहिलंय, असंही सांगतो.”

“सांगा ना,” वहिनी म्हणाली. “पण आधीची ती ओळही माझीच होती, तेही सांगा.”

“ते कशाला?” ताट पुसत बाबा म्हणाले. “ते आपल्या घरातलं आहे.”