आधी माझ्या पोटात

शेठ नवं पोतं उघडताना कात्री वापरायचे नाहीत. शिवणीच्या दोऱ्याचं एक टोक धरून असा झटका द्यायचे की सगळी शिवण सर्रकन उसवायची. मग कोपरापर्यंत हात आत घालून तळातले मूठभर दाणे वर काढायचे, नाकाशी धरायचे आणि त्यातले दोन-चार सरळ तोंडात टाकून चावायचे. गिऱ्हाईक समोर उभं असायचं. चावून, गिळून झालं की म्हणायचे, "आधी माज्या पोटात, मंग तुमच्या तळ्यात. न्या."

तुम्ही म्हणाल, माशांचं खाद्य माणूस खातो होय? मलाही किळस यायची. घोडेगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि त्यांचं मत्स्यखाद्याचं दुकान, दोन्हीच्या मध्ये एकच भिंत. सुक्या मासळीच्या भुकटीचा तो वास माझ्या डब्यातल्या भाजीला लागायचा. एकदा वैतागून बोललो, "शेठ, तुमच्या वासानं माझं गिऱ्हाईक पळतंय."

"घमघमाट म्हना राव. ह्याच्यावर मासा धावत येतो. तुमी मासा न्हाई, त्याला मी काय करू?"

असा माणूस. मूळचे जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारचे. घरी कांदा, ऊस, बरी शेती. पण यांचा पाय घरी ठरेना. कांदा-टोमॅटोच्या पाण्यासाठी लोकांनी प्लास्टिकचा कागद अंथरून शेततळी केलेली, त्यात पाणी नुसतं उभं. त्यात मासे सोडा म्हणून शेठ मोटारसायकलवरून गावोगाव सांगत फिरले. आधी लोक हसले. पाण्यातलं नांगरायचं कसं, असं विचारायचे. पुढे दोघा-तिघांच्या तळ्यात चिलापी जातीचे मासे चांगले पोसले आणि हसणं थांबलं. मग खाद्य शेठकडून न्यायचं आणि मोठे झालेले मासेही शेठलाच द्यायचे, अशी रीत पडली. ते मासे मंचर, नारायणगावच्या बाजारात जायचे.

मासे घेतानाही तसंच. क्रेट आला की अंगठ्यानं माशाचा कल्ला उघडायचा, नाक जवळ न्यायचं, आणि निकाल. "ह्यो कालचा हाय. आजच्यात मिसळू नगा." ज्याचा मासा असायचा तो तोंड फिरवून हसायचा, कारण शेठ बरोबर असायचे. खाद्य आत जाताना त्यांचं नाक आणि मासा बाहेर येतानाही त्यांचंच नाक. त्यांचा सगळा धंदा त्या नाकावर उभा होता, यात मी जराही वाढवून सांगत नाही.

एकदा कंपनीचा टेम्पो माल घेऊन आला. शेठनी पहिलंच पोतं उघडलं, चावलं आणि रस्त्यावर थुंकले. दुसरं उघडलं, पुन्हा थुंकले. सगळा टेम्पो जसाच्या तसा परत. ड्रायव्हर हात जोडत होता, इथवर आलोय, निम्मा तरी उतरवून घ्या. शेठ ऐकेनात. पुढचा माल येईपर्यंत तालुक्यातल्या तळ्यांत खाद्य नव्हतं. लोकांनी शेठला काय काय शिव्या घातल्या, त्या मी भिंतीपलीकडून ऐकल्या. आणि तेच लोक नंतर एसटी स्टँडवर पाव्हण्यांना सांगायचे, "आमचा शेठ खाल्ल्याबिगर पोतं देत नाय." आपल्या लोकांचं हे असंच असतं बघा.

मग कोरोना आला. शेठ दवाखान्यात होते, वाचतात की नाही अशी दोन दिवस बातमी होती. वाचले. परत आले तेव्हा सदरा अंगावर लोंबत होता. दुकान उघडलं, दोरा ओढला, हात घातला, नाकाशी धरलं, चावलं. "आधी माज्या पोटात." सगळ्यांना हायसं वाटलं. मीसुद्धा त्या दिवशी वासाबद्दल कुरकुर केली नाही.

आता मागे वळून बघताना काही गोष्टी आठवतात. माझ्याकडे एका पंपाची मोटार जळाली आणि दुकानभर वार्निशचा धूर झाला, तेव्हा शेठ माझ्याच बाकावर चहा पीत होते आणि हलले नाहीत. "सर्दी हाये," म्हणाले. कल्ला उघडून नाक लावायचे, पण मग अंगठ्यानं मासा दाबत बसायचे, पुन्हा डोळा बघायचे. पूर्वी डोळ्याकडे बघायची त्यांना गरज नव्हती. पण माणूस मरणाच्या दारातून आलाय, जरा मंदावला असेल, असंच कुणालाही वाटलं असतं.

डिंभ्याच्या हिराबाईंची ओळख मला शेठमुळेच झाली. धरणात जमीन गेलेल्या घरातल्या त्या. त्यांच्यासारख्याच काही बायांनी मिळून धरणाच्या पाण्यात तरंगते पिंजरे घेतले होते. लोखंडी चौकट, खाली जाळं, जाळ्यात मासे. तोवर या बाया पहाटे पिकअपमध्ये उभ्यानं दाटीवाटीनं नारायणगावला टोमॅटो तोडायला जायच्या आणि अंधार पडल्यावर परतायच्या. पिंजऱ्यांचं ते पहिलंच पीक होतं. ते निघालं की पिकअप कायमची बंद, हे त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. हिराबाई दुकानात यायच्या तेव्हा हेच बोलायच्या. "एवढं पीक हाताला लागू द्या शेठ, मंग त्या गाडीचं तोंड बगनार न्हाई."

शेठ त्यांच्यावर भारी खूश. एवढ्या लांबून बाया येतात, मान वर करून भाव विचारतात, याचं त्यांना कौतुक. त्यांचं पोतं तर ते दोनदा चावायचे.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला. शेठच्या गोदामाचा पत्रा एका कोपऱ्यात गळत होता. खालच्या थराची पोती ओलावली आणि वरून सुकली. दिसायला झकास. त्यातलीच डिंभ्याला गेली.

आधी मासे खाईनासे झाले. मग रोज सकाळी काही पिंजऱ्यात उलटे तरंगताना दिसायला लागले, आणि मग रोज जास्त. मत्स्य खात्याचे एक साहेब येऊन मासा चिरून गेले. म्हणाले, आतलं काळीज पांढरं पडलंय, खाद्याला बुरशी असणार. हा निरोप शेठला आला तेव्हा मी तिथंच होतो. त्यांचा चेहरा लाल झाला. "माजं खाद्य? मी सोता खाऊन दिलंय." शेठचा टेम्पो नेमका गॅरेजला, एसटीचा भरवसा नाही. मला म्हणाले, "काढा गाडी. आत्ता दाखवतो त्यान्ला."

आम्ही माझ्या मोटारसायकलवरून डिंभ्याला गेलो. वाटेत शेठ मागून सारखे बोलत होते. पाण्यात काही तरी आलं असेल, कुणी काही टाकलं असेल, त्या साहेबाला काय कळतंय.

काठावर बाया बसल्या होत्या. शेजारी मेलेल्या माशांचा ढीग, आणि दोघी जणी पुरायला खड्डा खणत होत्या. पत्र्याच्या खोपटात खाद्याची राहिलेली पोती होती. शेठनी त्यातलं एक बाहेर ओढलं. न उघडलेलं, कंपनीच्या शिवणीचं; एका खेपेतलं एकच पोतं ते दुकानात उघडून चावायचे, बाकीची बंदच जायची. दोरा धरून झटका दिला.

मी चांगला लांब उभा होतो, तरी वास माझ्या नाकात शिरला. ओल पडलेल्या भिंतीचा आणि खवट शेंगदाण्याचा, दोन्ही मिळून व्हावा तसा. माझा हात आपोआप नाकावर गेला. बायांनी पदर लावले.

शेठनी कोपरापर्यंत हात घातला. मूठ वर काढली. नाकाशी धरली. दाणे तोंडात टाकले आणि चावले. "बगा," ते म्हणाले, "काय झालंय ह्याला? एक नंबर माल हाय. आधी माज्या पोटात..."

पुढचं त्यांनी म्हटलं नाही, कारण सगळ्या बाया पदराआडून त्यांच्याकडेच बघत होत्या. खणणाऱ्या बायाही थांबल्या होत्या.

हिराबाई हळूच म्हणाल्या, "शेठ, तुमाला वास येत न्हाई?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. माझा हात अजून नाकावरच होता. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. त्यांनी मूठ पुन्हा नाकाशी नेली आणि छाती भरून श्वास घेतला, आणखी एकदा घेतला. मग हात सैल सोडला. दाणे जमिनीवर पडले आणि ते पोत्याशेजारी खाली बसले.

"कवापासनं?" हिराबाईंनी विचारलं.

"आजारातनं उठलो तवापासनं. वास बी न्हाई, चव बी न्हाई. वाटलं, येईल परत."

"आमाला आला व्हता वो वास," एक म्हातारी बाई म्हणाली. "पैलं पोतं उघडलं तवाच आला व्हता. पन म्हनलं, शेठनी खाल्लंय. आपल्याला काय कळतंय ह्यातलं."

मला आजही ते वाक्य आठवलं की चीड येते, आणि कुणावर काढावी हे कळत नाही. नाकं त्यांचीही चांगली होती. त्यांनी स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवला नाही, शेठच्या तोंडावर ठेवला.

पिंजरे रिकामे झाले. आठवडाभरात बाया पुन्हा पहाटेच्या पिकअपला उभ्या राहिल्या.

शेठच्या बायकोला, वहिनींना, यातलं काही माहीत नव्हतं असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या मला नंतर म्हणाल्या, "मी वळखलं व्हतं भाऊ. एक दिस मुद्दाम कालवनात मीठच घातलं न्हाई. तर म्हनाले, झकास झालंय. मी रडले, पन त्यान्ला कळू दिलं न्हाई. ते लपवत्यात तर लपवू दे म्हनलं." दोन माणसं एका घरात एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होती.

शेठनी त्यानंतर लपवाछपवी बंद केली, ती अशी की बघवेना. येईल त्या गिऱ्हाइकाला पोतं उघडून द्यायचे आणि म्हणायचे, "मला वास येत न्हाई. तुमीच हुंगा, तुमीच ठरवा." गिऱ्हाईक बिचकायचं. नाक आत घालायचं, खाद्याला सुक्या मासळीचा वास यायचाच, त्यातलं चांगलं-वाईट त्याला कळायचं नाही. "जरा घरी विचारून येतो," म्हणायचं आणि जायचं. स्टँडजवळ एका पोरसवदा व्यापाऱ्यानं खाद्याचं नवीन दुकान टाकलं होतं. तो गिऱ्हाइकासमोर दाणा तोंडात टाकायला शिकला. गिऱ्हाईक वळलं की मागच्या बाजूला थुंकायचा, मी स्वतः पाहिलंय. लोक तिकडं गेले. मी भांडायलाही निघालो होतो, शेठनी हाताला धरून बसवलं. "त्याला वास येतोय ना? मंग बास."

डिंभ्याला मात्र ते जात राहिले. माशांचं नवं बीज, बारकी पिल्लं, आणून देतो, पिंजरे पुन्हा भरू, खाद्य मी फुकट घालतो, जाळं धुवायला मी येतो. हिराबाई नुसतं ऐकून घ्यायच्या. शेवटी एकदा बोलल्या. मी बरोबर होतो.

"शेठ, तुमी येत नगा जाऊ आता. तुमी आलात की आमाला तुमची कीव येती. आन आमाला राग धरायचाय. त्येवढा तरी धरू द्या."

शेठनी मान हलवली. ते पुन्हा डिंभ्याला गेले नाहीत, आणि थोड्याच दिवसांत दुकान आवरून पिंपरी पेंढारला निघून गेले. भिंतीपलीकडे आता मोबाईलचं दुकान आहे. कसलाच वास येत नाही. मला करमत नाही.

मध्यंतरी एका विहिरीच्या मोटारीच्या कामासाठी मी पिंपरी पेंढारला गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डिंभ्याच्या धरणातली चिलापी बरोबर नेली. शेठ ओट्यावर कांद्याच्या गोण्या शिवत बसले होते. म्हातारे झालेले. मला बघून उठले, वहिनींना हाक मारली, "पाव्हणं आलंय, मासं घेऊन आलंय."

जेवायला बसलो. बाजरीची भाकरी आणि मासा. शेठनी घास घेतला नाही, माझ्याकडे बघत राहिले.

"कसा लागतोय?"

"चांगलाय."

"तसं न्हाई. नीट सांगा."

मी नीट सांगितलं. तिखट बेताचं आहे, कोकम जरा जास्त झालंय, तुकडा घट्ट आहे, काट्यापासून सोडतोय. शेठ डोळे मिटून ऐकत होते. तळ्यातल्या माशाला बहुतेक वेळा चिखलाची चव येते, धरणातल्या माशाला येत नाही, हे खाणाऱ्याला कळतं. त्यांनी तेच विचारलं.

"मातकट लागतोय?"

"अजिबात नाही. गोड आहे."

शेठनी डोळे उघडले.

"मंग हिराबाईचे बी असेच लागले असते," ते म्हणाले.

वहिनी दुसरी भाकरी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. शेठनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. ताटातला मासा त्यांनी पुरता संपवला, काट्याला काही ठेवलं नाही. जिभेला काहीच लागत नसताना माणूस असा जेवतो, हे मला बघवेना.