मंडालेचा गोठा कोणी पाहिला?

तुमच्या मुलीची सोयरीक ठरवताना मध्यस्थ म्हणाला, "मुलाकडे आठ बैल आहेत," तर गोठा न पाहताच तुम्ही होकाराचा नारळ द्याल काय? नाही ना? मग लढाईला इतक्या सहज मान कशी डोलावता?

ब्रह्मदेशावर फौज निघाली, त्या दिवाळीची गोष्ट. कल्याणात आमच्या आळीच्या तोंडाशी वैद्यांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. मंडालेच्या राजाला फ्रेंचांकडून तोफा मिळत आहेत, आता स्वस्थ बसणे धोक्याचे, हे सरकारचे म्हणणे आम्ही तिथेच ऐकले. माझ्या थोरल्या भावाने ते मनावर घेतले. फौजेच्या रसदखात्यात कारकून हवे होते. दादाने अर्ज लिहून देवापुढे ठेवला. आईने करंज्या केल्या, पण एकही चाखली नाही.

मी तेव्हा लढाईविरुद्ध पत्रके वाटत असे; त्यांतलेच मुद्दे घेऊन दादाशी कडाकडा भांडलो. तो हसून म्हणाला, "ओरडू नकोस रे. तुझी पत्रकं मीही वाचली आहेत. छापलेलं पाठ म्हणून दाखवणं म्हणजे विचार नव्हे."

हे मला झोंबले, कारण ते खरे होते.

भाऊबीजेला आत्या आली. ती खडवलीला तिच्या नणंदेच्या मुलीसाठी स्थळ पाहून आली होती. गोठ्यात आठ बैल पाहून सगळे खूश झाले, पण आत्या तिथून हलेना. बैल नदीवर पाण्याला सोडण्याची वेळ होईपर्यंत ती बसून राहिली.

"मग?" दादाने विचारले.

"मग काय! पाणी पिऊन परतले, तर चार आले गोठ्यात आणि चार वळले शेजाऱ्यांच्या अंगणात. मुक्या जनावराला खोटं बोलता येत नाही रे!"

आम्ही पोट धरधरून हसलो. आईसुद्धा हसली. तेवढ्यात मी विचारले, "दादा, मंडालेचा गोठा कोणी पाहिला?"

"सरकारने पाहिला असेलच की."

"सरकार मध्यस्थ ना तुमचं?" आत्या म्हणाली. "मध्यस्थाला लग्न जमवायचं असतं, बाबा. बैल मोजायला आपणच जावं."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाचन रंगात आले असताना दादा उभा राहिला आणि म्हणाला, "काका, त्या तोफा कोणी डोळ्यांनी पाहिल्या, ते वाचा बरं."

वाचणाऱ्या काकांनी चष्मा पुसला, मजकूर वरपासून खालपर्यंत पाहिला. "तसं नाही लिहिलेलं. 'असे समजते' एवढंच आहे."

"तुला रे काय करायचंय? राजद्रोही!" कोणीतरी चिडवले. पण ओटा हसला नाही.

अर्ज देवापुढेच राहिला. पुढे राजवाडा हाती आल्याचे आम्ही वाचले. राजाला धरून नेल्याचेही वाचले. त्या तोफांबद्दल मात्र आमच्या ओट्यावर पुन्हा एक ओळ वाचली गेली नाही. दादा ठाण्याच्या शाळेत मास्तर झाला. रविवारी घरी येतो, आईच्या हातचे जेवतो आणि माझी पत्रके लाल शाईने तपासतो. आणि खडवलीची सोयरीक? ती झाली. चार बैल खरे होते, मुलगाही खरा निघाला. आत्याला तेवढेच पाहायचे होते.

वाचकहो, तुमच्या गावीही असा ओटा असेल. आज संध्याकाळी तिथे जा. लढाईची बातमी निघाली की उठा आणि विचारा, "कोणी पाहिलं?" उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न एका कार्डावर लिहून वर्तमानपत्राला धाडा. कार्ड उद्यावर टाकू नका. उद्या कोणाचा तरी दादा अर्ज लिहील.