उलटा फर्मा

माझा धाकटा भाऊ एक नंबरचा हट्टी. आजारपणात तिशीतच दृष्टी गेली, हट्ट मात्र तसूभरही कमी झाला नाही. तीन वर्षं मी त्याला घरात जपलं. चौथ्या वर्षी म्हणाला, "ताई, पुरे. मला काम हवंय." अकरा ठिकाणचे नकार पचवल्यावर एका बाइंडिंगच्या कारखान्यात मालकांनी 'महिनाभर बघू' म्हणून घेतलं.

काम जुळणीचं. लांब टेबलावर पुस्तकाच्या घडी घातलेल्या भागांचे, म्हणजे फर्म्यांचे, ढीग ओळीनं मांडलेले. प्रत्येकातून एकेक उचलत शेवटापर्यंत गेलं की एक पुस्तक जुळलं. वीस पुस्तकं झाली की सुतळीनं गठ्ठा बांधायचा. गाठ तो आमच्या वडिलांसारखी मारायचा, दोन वेढे आणि एक फास.

पहिल्याच दिवशी मी मालकांना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "काही चुकलं तर पोटात घाला हो." केवढं शहाणपण केलं असं वाटलं मला!

सकाळी सोडायला, संध्याकाळी आणायला मीच. तीन आठवडे सुरळीत गेले. एका संध्याकाळी पाहते तर स्वारी गठ्ठ्यांपाशी तोंड फुगवून उभी.

"हे कुणी सोडले? ही गाठ माझी नाही."

शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "अरे, एक ढीग तुझ्याकडून उलटा ठेवला गेला होता. शंभर पुस्तकांत पाचवा फर्मा डोक्यावर उभा. मालक म्हणाले, गुपचूप नीट करा, त्याला कळू देऊ नका."

"मीच तसं सांगितलं होतं," मी पुटपुटले.

तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही. आवाज ऐकून आलेल्या मालकांना म्हणाला, "परवा मावशींचं लेबल वाकडं बसलं तर तुम्ही छप्पर डोक्यावर घेतलंत. मग मला का नाही? मी काय इथे पाहुणा आहे? चूक माझी, तर निस्तरणार मी. ते जमत नसेल तर महिना भरायची वाट कशाला, आत्ताच जातो."

मालक लालबुंद झाले, आणि सुटले ते सुटलेच. "शंभर पुस्तकं! उलटसुलट कळत नाही, तर विचारायला तोंड नव्हतं? उद्यापासून प्रत्येक फर्म्याच्या वरच्या कोपऱ्याला मावशींकडून कात्रीनं चीर पाडून घे, म्हणजे बोटांना कळेल. कडा नंतर कापल्याच जातात, एवढंही सुचू नये? आणि तीन गठ्ठे अजून तसेच पडलेत, ते तूच सोडायचे. उद्या अर्धा तास लवकर ये!"

"आता कळलं, आम्ही रोज काय ऐकतो ते?" मावशी हसल्या.

घरी येताना तो चक्क शीळ घालत होता. मला मालकांचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा, आणि रडू काही आवरत नव्हतं. तीन वर्षांत त्याच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. मीसुद्धा नाही.

"लवकर जायचंय ना उद्या, मी सोडते," मी म्हटलं.

"नको," काठी दाराशी टेकवत तो म्हणाला. "कामावर कुणी ताईला घेऊन येत नाही."