पुढं म्हंजे कुठं?

आरोग्य केंद्राच्या कुंपणापलीकडच्या वाडीत सुपारी सोलायला बसले, की ओल्या सालीचा तुरट, आंबूस वास खिडकीतून आत येतो आणि रक्तदाब मोजता मोजता माझा हात क्षणभर थबकतो. पर्यटकांना तो वास सुट्टीचा वाटतो. मला तो आईच्या हातांचा वाटतो: चिकानं काळवंडलेली बोटं, नखांत रुतलेले सालीचे धागे.

दिवेआगरला दुसऱ्यांच्या वाड्यांत वडील नारळ-सुपारी उतरवायला चढायचे, आई खाली बसून सोलायची. आमचं स्वतःचं एकही झाड नव्हतं. घरात अंगठ्यापुढे कुणी गेलेलं नव्हतं. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरायची वडिलांची हातोटी बघायला माणसं थांबत. एकदा ती दुसरी पोफळच मोडली आणि ते खाली कोसळले.

गावाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. मी सहावीत होते, वाचता येणारी एकटीच. मोठ्यानं वाचलं, "पुढे पाठवले."

"पुढं म्हंजे कुठं गो?" आईनं विचारलं.

मला काय ठाऊक! शिपायानं हातानं रस्ता दाखवला. मासळीच्या टेंपोत, बर्फाच्या खोक्यांना टेकवून, वडिलांना घाटातून माणगावला नेलं. तिथंही दुसऱ्या चिठ्ठीवर तेच दोन शब्द मिळाले. वडील वाचले, पण त्यांचा पाय नीट जुळला नाही आणि ते पुन्हा कधी झाडावर चढले नाहीत. त्यानंतर किती तरी वर्षं घर आईच्या त्या काळ्या बोटांवर चाललं.

माणूस किती लवकर विसरतो, याचं मला नवल वाटतं. मी डॉक्टर झाले, हट्टानं याच किनाऱ्यावर नोकरी घेतली आणि नोंदवहीत पानामागून पान लिहीत गेले, पुढे पाठवले, पुढे पाठवले. एकदा गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आई आली. प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती, दिसेल ते वाचायची नवी खोड लागलेली. टेबलावरच्या वहीवर बोट ठेवून तिनं अक्षर अक्षर लावलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तू पन ह्येच लिवतेस व्हय?" मग वहीवरचं बोट तसंच ठेवून, "न् त्यांचं पुढं काय झालं?"

मला एकाचंही सांगता येईना.

त्या दुपारपासून ओपीडी संपली की मी पुढे पाठवलेल्यांच्या घरी फोन करू लागले. गाडी मिळाली का? किती वेळानं? बाळ कसं आहे? उत्तरं समासात लाल शाईनं लिहायची. कुणी पोचलं होतं, कुणी घाटातच बाळंत झालं होतं, एका घरी फोन उचलून नुसतंच कुणी रडलं. सगळ्यांच्या मागं कारण एकच: रुग्णवाहिका घाटापलीकडं उभी असायची, ती इकडं येईपर्यंत जीव वाचवण्याचा निम्मा वेळ सरलेला असायचा. यावर मी कुठलं औषध लिहून देणार? ते औषध जिल्ह्याच्या बैठकीतच मिळणार होतं. खूप अर्ज केल्यावर तिथं बोलायला मला बोलावलं.

त्याच सकाळी कोळीवाड्यातली पहिलटकरीण आली. आठवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, रक्तदाब भलताच चढलेला. रुग्णवाहिका नेहमीप्रमाणं लांब. बैठकीला न्यायला आलेली जीप मात्र दारात. थांबावं तर वही तशीच पडणार आणि उद्याची बाई पुन्हा टेंपोत; जावं तर हिचं काय?

"मॅडम, इचार कसला करताय?" सिस्टर म्हणाल्या. "हिलाच घ्या जीपमधी. मी येते संगती."

इंजेक्शन देऊन निघालो. सबंध घाटभर माझी बोटं तिच्या मनगटावर होती. प्रत्येक वळणाला वाटे, आता हिला आकडी येणार. "डॉक्टरीनबाय, हात सोडा की, मी काय पळत न्हाय," ती हसून म्हणाली. माणगावच्या रुग्णालयात तिला आणि सिस्टरना सोडून मी बैठकीत पोचले तेव्हा निम्मी बैठक उरकली होती.

"या, आता उजाडलं!" जिल्ह्याचे साहेब म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही आपले पेशंट बघा. धोरणाचं आम्ही बघतो."

"पेशंट बघूनच आले, साहेब. रुग्णवाहिका नव्हती, म्हणून तुमच्या बैठकीच्या जीपमधून आणली." आणि वही पुढं ठेवून मी आईचाच प्रश्न विचारला, "आम्ही 'पुढे पाठवले' लिहितो. पुढे म्हणजे कुठे?"

साहेब लाल शाईची पानं उलटत राहिले. मांडीवरचा फोन थरथरला, तरी तो उलटून बघायचा मला धीर होईना. अखेर बघितलं. सिस्टरचा निरोप होता: मुलगी. लहान आहे, पण रडली. आई बरी.

मी पेन मागून घेतलं आणि ते तिथंच वहीत लिहिलं.

अजूनही रोज दुपारी फोन लावताना, पलीकडून कुणी उचलेपर्यंत, माझा जीव थाऱ्यावर नसतो. ती भीती गेली नाही. ती जाऊ नये, असंही कधी कधी वाटतं. पण आता केंद्राच्या दारात रुग्णवाहिका उभी असते. आणि जिल्ह्याच्या छापील नोंदवहीत एक रकाना वाढला आहे: 'पुढे काय झाले?'